घाटकोपर-वर्सोवा मेट्रो: तिकिटाचा वाद आणि त्यामागचा करार

मुंबईतली पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, तेव्हा तिकीट किती असावं यावर राज्य सरकार आणि मेट्रो चालवणारी कंपनी यांचं जमत नव्हतं. सरकार म्हणत होतं ९, ११ आणि १३ रुपये, कारण करारात तसं ठरलंय. कंपनी म्हणत होती १० ते ४० रुपये, कारण पहिला दर ठरवण्याचा अधिकार कायद्याने आम्हाला दिलाय. दोघांच्या हातात कागद होता आणि दोघांचाही कागद खरा होता. एकाच मार्गासाठी असे दोन खरे कागद तयार कसे होऊ शकले, आणि त्याचा हिशेब पुढे कुणाच्या माथी आला, हे पाहण्यासाठी हे प्रकरण पुन्हा काढलं आहे.

पैसा कुणाचा किती

मार्ग ११.४ किलोमीटरचा, पूर्ण उन्नत, १२ स्थानकांचा. भूमिपूजन २१ जून २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झालं. करारावर सह्या झाल्या ७ मार्च २००७ रोजी, म्हणजे भूमिपूजनानंतर साडेआठ महिन्यांनी. हा क्रम आपल्याकडे इतका अंगवळणी पडलाय की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण एकदा नारळ फुटला की उरलेल्या अटींवर घासाघीस करण्याची सरकारची ताकद निम्मी होते. मागे फिरणं राजकीयदृष्ट्या परवडत नाही आणि समोरच्याला ते ठाऊक असतं.

करार ३५ वर्षांचा, त्यातली ५ वर्षं बांधकामाची. त्यासाठी मुंबई मेट्रो वन प्रायव्हेट लिमिटेड ही कंपनी उभी राहिली. तिच्यात रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर ६९ टक्के, फ्रान्सची वेओलिया ५ टक्के आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, २६ टक्के.

प्रकल्पखर्च धरला होता २,३५६ कोटी रुपये. त्यात भागभांडवल ५१२ कोटी, कर्ज १,१९४ कोटी आणि सरकारचा व्यवहार्यता तफावत निधी ६५० कोटी. तिकिटातून वसूल न होणारी तूट भरून काढण्यासाठी सरकार जी रक्कम देतं आणि परत मागत नाही, ती ही. नियमाप्रमाणे केंद्र प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत देतं. २,३५६ कोटींचे २० टक्के म्हणजे ४७१ कोटी. तेवढे केंद्राकडून आणि उरलेले १७९ कोटी राज्याकडून.

आता यात प्राधिकरणाचं भागभांडवल मिळवा. ५१२ कोटींचे २६ टक्के, सुमारे १३३ कोटी. ६५० अधिक १३३, झाले ७८३ कोटी. म्हणजे मूळ आराखड्यातला रोख पैसाच जवळपास एक तृतीयांश सार्वजनिक होता. रस्त्याच्या मध्यभागी खांब उभे करायला दिलेली जागा यात धरलेलीच नाही.

२६ टक्के हा आकडाही हवेतून आलेला नाही. कंपनी कायद्यात विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात. २५ टक्क्यांच्या वर हिस्सा असला की असा ठराव अडवता येतो. पण तिकिटाचा दर, कंत्राटदाराचं बिल, वाढीव कामाला मंजुरी या गोष्टी विशेष ठरावाने होत नाहीत. त्या संचालक मंडळात साध्या बहुमताने होतात. प्राधिकरणाकडे ब्रेक होता, स्टीअरिंग नव्हतं.

आणखी एक बाब. अशा निविदेत जो सर्वांत कमी निधी मागतो त्याला काम मिळतं. दर करारात बांधलेला, मुदत बांधलेली, मग बोलीदाराच्या हातात राहतात दोनच गोष्टी: प्रवासीसंख्येचा अंदाज आणि बांधकामखर्चाचा अंदाज. पहिला चढा धरला आणि दुसरा उतरता धरला की निधीची मागणी आपोआप खाली येते. असा अंदाज चुकला तर भरपाईचा एकच रस्ता उरतो, तो म्हणजे दावे. म्हणून सर्वांत कमी बोलीची बातमी वाचताना बोलीसोबतचं प्रवासीसंख्येचं गणित कुठे आहे, हे आधी विचारावं.

जागेचा ताबा: खर्च इथे फुगतो

काम फेब्रुवारी २००८ मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली जून २०१४ मध्ये. अंधेरीतला जे. पी. रोड आणि अंधेरी-कुर्ला रोड हे शहरातले सर्वांत गजबजलेले रस्ते. खाली पाण्याच्या जुन्या वाहिन्या, मलनिस्सारण, वीज आणि दूरध्वनीच्या केबली. त्यातल्या किती नकाशावर आहेत ते खोदल्यावरच कळतं. वाटेत पश्चिम रेल्वेचे रूळ ओलांडणारा पोलादी पूल आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावरचा केबलवर तोललेला पूल. प्रत्येक ठिकाणी वेगळी यंत्रणा, वेगळी परवानगी.

कंपनीने पुढे प्रकल्पखर्च ४,३२१ कोटींवर गेल्याचं सांगितलं. म्हणजे किलोमीटरला सुमारे २०७ कोटींवरून ३७९ कोटी. जागेचा ताबा वेळेत मिळाला नाही, आराखड्यात बदल करावे लागले, त्यामुळे खर्च वाढला, हे तिचं म्हणणं. प्राधिकरण २,३५६ कोटींवर ठाम राहिलं.

खर्च खरंच किती वाढला आणि त्यातला कुणामुळे किती, हे ठरवणारे कागद पुढे तयार करता येत नाहीत. ते बांधकामाच्या दिवसांतच तयार व्हावे लागतात. मोठ्या कामावर अडथळा नोंदवही ठेवतात. तिच्यातली एक नोंद साधारण अशी असते: अमुक साखळी अंतरापासून अमुकपर्यंत, म्हणजे कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत; अडथळा कसला, झोपडी, दुकान, जलवाहिनी की परवानगी; कधी लक्षात आला; कुणाला कळवला; कधी दूर झाला; त्यामुळे कोणतं काम किती दिवस थांबलं. शेवटी दोन सह्या, ठेकेदाराच्या प्रतिनिधीची आणि सरकारी अभियंत्याची.

दुसऱ्या सहीपाशी घोळ होतो. सरकारी अभियंत्याला वाटतं, सही केली तर उशिराचा दोष आपण मान्य केल्यासारखं होईल. म्हणून तो सही टाळतो. नोंद नाकारतही नाही, कारण नाकारायची तर कारण लिहावं लागतं. तोवर समोरची बाजू दर आठवड्याला पत्र धाडत असते: आजपर्यंत ताबा मिळालेला नाही, आमचे हक्क राखून काम चालू ठेवत आहोत. पाचेक वर्षांनी लवादापुढे प्रकरण उभं राहतं तेव्हा एका बाजूला पत्रांचे गठ्ठे आणि दुसऱ्या बाजूला रिकामा रकाना. लवाद समोर असलेल्या पुराव्यावर निवाडा देतो. मौन हा पुरावा धरला जातो आणि तो सरकारच्या विरोधात जातो.

एकाच वेळी दोन अडथळे असतील तर आणखी गुंता. जागा मिळाली नाही हे खरं, पण त्याच महिन्यात ठेकेदाराचे गर्डर, म्हणजे खांबांवर बसवायच्या तुळया, ओतण्याच्या जागीच तयार झालेले नव्हते, हेही खरं. मग जागा वेळेत मिळाली असती तरी काम थांबलंच असतं. अशा एकत्र उशिराची भरपाई सहसा मिळत नाही. मुदतवाढ मात्र मिळते. हे दाखवायला दर महिन्याचं अद्ययावत कामाचं वेळापत्रक लागतं, मंजूर झालेलं, तारखेसह. ते नसेल तर अख्खा उशीर एकाच बाजूच्या खात्यावर पडतो.

एक मार्ग, दोन कायदे

करार झाला तेव्हा प्रकल्पाला आधार होता १८८६ च्या भारतीय ट्रामवे कायद्याचा. त्या चौकटीत दर करारात लिहिणं शक्य होतं. दिल्लीसाठी केलेला २००२ चा मेट्रो रेल्वे (परिचालन आणि देखभाल) कायदा २००९ च्या दुरुस्तीने इतर महानगरांनाही लागू करण्याची सोय झाली आणि मुंबईची मेट्रो त्याखाली आली. काम अर्धवट असताना पायाखालचा कायदा बदलला. करारातलं दराचं कलम मात्र तसंच राहिलं.

नव्या कायद्याचं कलम ३३ सांगतं की दर मेट्रो रेल्वे प्रशासन ठरवेल, तेही दरनिश्चिती समितीच्या शिफारशीवरून. त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवादाची ओळ आहे: मार्ग पहिल्यांदा सुरू होताना प्रशासन समितीच्या शिफारशीविना दर ठरवू शकतं. मग प्रश्न उरला, प्रशासन म्हणजे कोण? बिगरसरकारी मेट्रोच्या बाबतीत मालक, भाडेपट्टेदार किंवा कराराने ती चालवणारा. कंपनीने त्या शब्दांवर बोट ठेवलं. कलम ३४ प्रमाणे समितीचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो, केंद्र आणि राज्य एकेक सदस्य देतात. कलम ३७ नुसार समितीची शिफारस प्रशासनावर बंधनकारक. सात वर्षांपूर्वी सही केलेल्या ९-११-१३ चं यात कुठे काय होतं, याचं उत्तर कायद्यात नव्हतं.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०१५ मध्ये प्राधिकरणाचं अपील फेटाळलं गेलं आणि १० ते ४० रुपयांचा दर लागू झाला. जुलै २०१५ मध्ये दरनिश्चिती समितीने १० ते ११० रुपयांची शिफारस केली. ती डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवली.

दरापेक्षा महत्त्वाचं आहे दरामागचं गणित. करोनाआधी या मार्गावर कामकाजाच्या दिवशी चार लाखांहून जास्त प्रवासी असत. हिशेबाला रोजचे सरसकट चार लाख धरू. सरासरी तिकिटात एक रुपया वाढवला तर दिवसाला ४ लाख, वर्षाला १४.६ कोटी. दुसरीकडे, ४,३२१ आणि २,३५६ यांतला फरक १,९६५ कोटींचा. तो सगळा कर्जाने भागवला आणि व्याज ११ टक्के धरलं, तर नुसतं व्याज वर्षाला सुमारे २१६ कोटी. २१६ ला १४.६ ने भागा: जवळपास १५. म्हणजे वाढीव खर्च मान्य केला की प्रत्येक तिकिटावर पंधराएक रुपये फक्त व्याजापोटी चढतात, मुद्दल बाजूलाच. ११ टक्के हा आकडा इथे समजण्यापुरता घेतलाय. ९ धरला तर १२ रुपये येतील. चित्र बदलत नाही. ९-११-१३ आणि १०-४० यांच्यामधली दरी डब्यातल्या गर्दीने पडलेली नव्हती. खर्चाचा कोणता आकडा खरा, हे ठरलेलं नव्हतं म्हणून ती पडली होती.

तपासणार कोण

खर्चाचा आकडा तपासणारी घटनात्मक यंत्रणा कॅगची, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांची. पण कॅग सरकारी कंपनीचं लेखापरीक्षण करतं, आणि सरकारी कंपनी म्हणजे निदान ५१ टक्के भांडवल सरकारचं. २६ टक्क्यांत ते बसत नाही. अनुदान घेणाऱ्या संस्थांसाठी कॅगच्या १९७१ च्या कायद्याचं कलम १४ आहे, पण तिथे अनुदान किंवा कर्ज संस्थेच्या एकूण खर्चाच्या किमान ७५ टक्के असावं लागतं, नाहीतर राष्ट्रपती किंवा राज्यपालांची पूर्वपरवानगी लागते. कलम २० खाली सरकारच्या विनंतीवरून लेखापरीक्षण होऊ शकतं, पण दिल्लीत खासगी वीज वितरण कंपन्यांचं असं लेखापरीक्षण २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केलं होतं. सार्वजनिक पैसा एक तृतीयांश आणि सार्वजनिक तपासणी जवळपास शून्य, ही या रचनेची खरी खोट. करारातच कॅगला वहीखाती खुली करण्याचं कलम टाकलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. त्याला पैसाही लागत नाही.

राज्याने यातून धडा घेतला की दमून मार्ग बदलला, ते सांगणं कठीण. चारकोप-वांद्रे-मानखुर्द मार्गही खासगी भागीदारीत दिला होता. तो करार २०१४ च्या अखेरीस संपुष्टात आला. पुढे दहिसर ते डी. एन. नगर आणि दहिसर ते अंधेरी हे मार्ग प्राधिकरणाने स्वतः बांधले, आणि कुलाबा-सीप्झ भुयारी मार्गासाठी केंद्र व राज्य यांची निम्मी-निम्मी कंपनी आली. तिथे कॅगला दार उघडं आहे. म्हणून खर्च वाढत नाही असं अजिबात नाही, भुयारी मार्गाचा आकडा २३,१३६ कोटींवरून ३७,००० कोटींच्या पुढे गेला. पण वाढ मंत्रिमंडळापुढे ठेवून मंजूर करून घ्यावी लागते आणि तो कागद मागता येतो.

बिल आलं ते असं

ऑगस्ट २०२३ मध्ये वाढीव खर्चाच्या वादात तीन सदस्यांच्या लवादाने दोन विरुद्ध एक मतांनी कंपनीच्या बाजूने निवाडा दिला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी भागीदाराचा ७४ टक्के हिस्सा प्राधिकरणामार्फत ४,००० कोटींना विकत घेण्यास मान्यता दिली. जून २०२४ मध्ये तो निर्णय मागे घेतला. तीन-चार महिन्यांत ४,००० कोटींचा निर्णय आला आणि गेला. मूल्यांकन कुठल्या गृहीतांवर केलं होतं आणि मधल्या काळात त्यातलं काय बदललं, हे विचारायला एवढंच पुरे आहे. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने निवाड्यापोटी सुमारे १,१६९ कोटी रुपये जमा करायचा आदेश प्राधिकरणाला दिला.

रक्कम आधी का भरावी लागते? २०१५ च्या दुरुस्तीनंतर लवादाच्या निवाड्याला लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली आव्हान दिलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि पैशाच्या निवाड्यात न्यायालय बहुधा रक्कम जमा करून घेतं. शिवाय कलम ३१(७) प्रमाणे लवादाने वेगळा दर सांगितला नसेल तर निवाड्यानंतरचं व्याज प्रचलित दरापेक्षा दोन टक्के जास्त. अपिलात काढलेलं प्रत्येक वर्ष फुकट नसतं. १,००० कोटींवर १० टक्क्यांनी दिवसाला सुमारे २७ लाख रुपये.

चालू प्रकल्पात हेच कसं तपासायचं

तुमच्या शहरात मेट्रो, उड्डाणपूल किंवा रिंग रोड येऊ घातला असेल तर कागद योग्य क्रमाने मागावेत. सर्वांत आधी पर्यायांचं विश्लेषण: २०१७ च्या मेट्रो धोरणाने ते सक्तीचं केलं, आणि आर्थिक परतावा (नुसती तिकिटाची कमाई नव्हे, समाजाला होणारा एकूण फायदा) किमान १४ टक्के दाखवण्याची अट घातली. बसमार्ग, रस्ता, मेट्रो यांची तुलना प्रकल्प अहवालाच्या आधीच्या तारखेची आहे का ते पाहा. नंतरची असेल तर ती निर्णयाला चढवलेला मुलामा असते. मग करारनाम्याची परिशिष्टं. मुख्य करार सगळे देतात, दर आणि जागेच्या ताब्याच्या तारखा परिशिष्टात असतात. त्यानंतर अडथळा नोंदवही, मुदतवाढीचे आदेश आणि वाढीव खर्चाचे दावे.

माहिती अधिकाराचा अर्ज कंपनीकडे करू नका. सरकारी मदतीवर चालणारी प्रत्येक संस्था माहिती अधिकाराखाली येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये केरळच्या सहकारी संस्थांच्या खटल्यात स्पष्ट केलंय आणि तुमचं वर्ष-दीड वर्ष त्याच वादात जाईल. प्रकल्प देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे करा. कलम २(एफ) नुसार खासगी संस्थेची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला कायद्याने मिळवता येते, तीही ‘माहिती’च आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत लागतो, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. म्हणून एका अर्जात एकच कागद:

‘अमुक मार्गाच्या बांधकामाची अडथळा नोंदवही, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या सर्व पानांची प्रत द्यावी. नोंदवही ठेवली नसल्यास तसं लेखी कळवावं.’

दुसरं वाक्य विसरू नका. नोंदवही नाही असं सहीनिशी उत्तर आलं, तर तो कागद नोंदवहीइतकाच कामाचा. ‘का ठेवली नाही’ असं मात्र विचारू नका. कारणं ही माहिती नव्हे म्हणून अर्ज निकाली निघतो.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावर ३० ते ४५ दिवसांत निर्णय, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. नकार बहुतेक वेळा कलम ८(१)(डी) खाली, व्यापारी गुपिताच्या नावाने येतो. अपिलात दोन मुद्दे घ्या: याच कलमात व्यापक जनहिताचा अपवाद लिहिलेला आहे, आणि कलम १० प्रमाणे गुप्त भाग झाकून उरलेलं पान द्यावं लागतं. अडथळा नोंदवहीत झाकण्यासारखं गुपित कोणतं, हे सांगण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर आहे. कलम १९(५) तसं म्हणतं.